सात दांड्या आणि एक ट्रान्झिस्टर

प्रस्तावना

१८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या दोन गावांतल्या ग्राहकांना चकतीऐवजी दहा बटणं असलेला टेलिफोन मिळू लागला. बेल सिस्टीमने या पद्धतीचं नाव ‘टच-टोन’ असं ठेवलं होतं. लोकांनी बटणं पाहिली, दाबून पाहिली, प्रत्येक बटणाचा वेगळा सूर ऐकला आणि त्यासाठी दरमहा जादा भाडं मोजायला तयार झाले. बटणांच्या खाली काय चाललंय हे पाहण्याचं कारण कोणाला नव्हतं आणि तशी सोयही नव्हती. फोन कंपनीच्या मालकीचा, भाड्याने दिलेला. तो उघडायचा तो कंपनीच्या माणसानेच.

हे पुस्तक त्या बटणांखालच्या दीड-दोन इंचांबद्दल आहे.

इतक्याशा जागेवर अख्खं पुस्तक कशाला, असं कोणी विचारेल. कीपॅड म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर एक रबराची चटई येते, तिच्या खाली कार्बनचे ठिपके, त्याखाली छापील सर्किट आणि कोपऱ्यात एक काळी चिप. बटण दाबलं की ठिपका टेकतो आणि बाकीचं सगळं चिप पाहते. त्यात उघडून पाहण्यासारखं फारसं काही नसतं. बेल सिस्टीमचीच फोन बनवणारी कंपनी वेस्टर्न इलेक्ट्रिक, तिने बनवलेला टच-टोन कीपॅड मात्र उघडला की पहिला धक्का बसतो तो चिप नसल्याचा. दुसरा धक्का असा, की ट्रान्झिस्टर एकच आहे. दोन सूर एकाच वेळी निघतात, दहा अंकांना दहा वेगळ्या जोड्या निघतात, बटण दाबताच बोलण्याचा माइक बंद होतो, कानातला आवाज दबतो, बोट उचललं की सगळं पूर्ववत होतं, आणि या साऱ्यामागे एक ट्रान्झिस्टर, दोन वेटोळी, काही कॅपॅसिटर आणि बाकी सगळं पत्र्याचं काम. दांड्या, पत्त्या, स्प्रिंगा.

याला इलेक्ट्रॉनिक कीपॅड म्हणतात आणि ते चूकही नाही. पण त्याची खरी हुशारी इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाही, असं माझं मत आहे. ती आहे क्रमात. कोणता कॉन्टॅक्ट आधी मिटायचा, कोणता नंतर उघडायचा, आणि बटणाच्या त्या थोड्याशा प्रवासात हे सगळं कसं बसवायचं, यात. पुढची प्रकरणं याच एका म्हणण्याभोवती फिरतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. चकतीचा फोन अंक पाठवतो तो लाइनचा प्रवाह तोडून. चार फिरवला तर चार वेळा तोड, शून्य फिरवला तर दहा वेळा, सेकंदाला साधारण दहा तोडी या गतीने. कॅन्सस सिटीतल्या आल्मन स्ट्राउजर नावाच्या, अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांनी आपल्या स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट १८९१ साली मिळवलं. पुढे अनेक दशकं जगभरच्या एक्स्चेंजांत त्याच कुळीची यंत्रं खडखडत होती. या पद्धतीत मोठा अंक म्हणजे जास्त वेळ. अमेरिकेत शहरांना क्षेत्र-क्रमांक दिले गेले तेव्हा न्यूयॉर्कला २१२ मिळाला, कारण चकतीवर तो सर्वांत लवकर फिरतो. शिवाय या तोडी म्हणजे सरळ प्रवाहाची उघडझाप. ती ग्राहकापासून त्याच्या एक्स्चेंजपर्यंत नीट जाते, पण तिथून पुढे लांबच्या लाइनवर, ॲम्प्लिफायरमधून आवाजासारखी जाऊ शकत नाही. आवाज जातो तिथे अंकही जायला हवा असेल, तर अंकालाच आवाज व्हावं लागेल.

हा विचार ट्रान्झिस्टरच्याही आधीचा आहे. १९४० च्या दशकातच वेस्टर्न इलेक्ट्रिकने बटणांचे फोन करून पाहिले होते. त्यांत बटण दाबलं की धातूच्या दोन पातळ पट्ट्या छेडल्या जात आणि त्यांच्या कंपनातून दोन सूर निर्माण होऊन लाइनवर जात. दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातच क्रॉसबार एक्स्चेंजवर त्याची चाचणी झाली. कल्पना सुरेख होती, पण भरवशाची नव्हती. छेडलेली पट्टी सुरुवातीला जोरात वाजते आणि लगेच विरत जाते. बोट बटणावर कितीही वेळ ठेवा, सूर आपला विरतोच. एक्स्चेंजने ओळखायचं ते याच क्षीण होत जाणाऱ्या आवाजातून. तो प्रयोग तिथेच थांबला आणि पुढची दहा-बारा वर्षं चकती निर्धास्त राहिली. दाबून ठेवलं तोवर एकाच ताकदीने वाजणारा सूर हवा असेल, तर सतत ऊर्जा पुरवणारं काहीतरी हवं. ती ऊर्जा घरातल्या विजेच्या प्लगमधून घ्यायची नाही, कारण फोन वीज गेली तरी चालला पाहिजे. ती घ्यायची टेलिफोनच्याच दोन तारांमधून. एक्स्चेंजची बॅटरी ४८ व्होल्टची असली तरी मैल-दोन मैल तांब्याच्या तारेतून येता येता फोनच्या वाट्याला फारच थोडं उरतं. निर्वात नळ्यांना एवढ्यावर चालवणं शक्य नव्हतं. ट्रान्झिस्टरला शक्य होतं, पण १९६० च्या आसपास तो स्वस्त नव्हता आणि फोन तर लाखोंनी बनवायचे होते. एका फोनमागे एक ट्रान्झिस्टर ही चैन परवडत होती, दोन परवडणार नव्हते. या कीपॅडची जवळजवळ प्रत्येक विचित्र गोष्ट या एका हिशेबातून आली आहे.

यंत्राकडे वळण्याआधी सुरांबद्दल सांगायला हवं, कारण सूर आधी ठरले आणि यंत्र त्यांच्यासाठी बनलं. बटणांच्या चार आडव्या ओळी. त्यांना अनुक्रमे ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. तीन उभ्या रांगा. त्यांना १२०९, १३३६ आणि १४७७. प्रत्येक बटण म्हणजे आपल्या ओळीचा एक सूर आणि आपल्या रांगेचा एक. पाच दाबला की ७७० आणि १३३६ एकत्र वाजतात. हे आकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कुठूनही उचलल्यासारखे वाटतात. ते तसे नाहीत, आणि गाण्याचा कान असलेल्या माणसाला ते पटकन कळेल. ओळींचे सूर म्हणजे खालचा गट, रांगांचे म्हणजे वरचा, आणि प्रत्येक गटात शेजारच्या दोन सुरांमधलं गुणोत्तर जवळपास एकच आहे, एकवीसास एकोणीस. षड्जापासून शुद्ध रिषभापर्यंतचं अंतर नवास आठ. दहास नऊ घेतलं तरी चालेल, तोही आपल्याकडे रिषभच मानतात. एकवीसास एकोणीस त्याहूनही किंचित उतरलेला. म्हणजे या कीपॅडवर कोणताही ओळखीचा स्वर नीट लागत नाही. खालचा गट आणि वरचा गट यांच्यामधली उडी तर गंधार आणि मध्यम यांच्या मध्ये कुठेतरी अडकते.

हे बेसूरपण मुद्दाम केलेलं आहे. अंकांचे सूर ज्या तारेवरून जातात त्याच तारेवरून माणूस बोलतो, मागे रेडिओ चालू असतो, कोणी गुणगुणत असतं. त्यातलं काही अंक म्हणून वाचलं गेलं तर घोटाळा. माणसाचा आवाज किंवा वाद्याचा सूर म्हणजे एक मूळ कंपन आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असलेली उपकंपनं. म्हणून निवडलेले आकडे असे, की एकाची दुप्पट दुसऱ्यावर येऊन बसू नये. ६९७ ची दुप्पट १३९४, ती १३३६ आणि १४७७ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते. ७७० ची १५४०, तीही कोणाच्या दारात नाही. ८५२ ची १७०४, ती सगळ्यांच्या पलीकडे. एका गळ्यातून निघालेल्या सुराने आणि त्याच्या उपकंपनांनी मिळून चुकूनही एखादा अंक तयार होऊ नये, यासाठीची ही मांडणी. बेल लॅबोरेटरीजमधल्या एल. शेंकर यांनी १९६० च्या जानेवारीत बेल सिस्टीम टेक्निकल जर्नलमध्ये या द्विगट पद्धतीवर लेख लिहिला. माझ्या मते टेलिफोनशास्त्रातल्या सर्वांत वाचनीय लिखाणांपैकी ते एक. सगळा लेख जणू एकाच शत्रूला उद्देशून लिहिला आहे, आणि तो शत्रू म्हणजे बोलणारा माणूस.

एक्स्चेंजच्या बाजूला ऐकणारं यंत्रही संशयी आहे. ते आधी दोन गट वेगळे करतं, मग प्रत्येक गटात एकच स्वच्छ सूर आहे ना हे पाहतं. दोन्हीकडे एकेकच सापडला तरच अंक मानतं. सूर ठरलेल्या आकड्यापासून दीड टक्क्यापर्यंत सरकला तरी ते स्वीकारतं, साडेतीन टक्क्यांपलीकडे नाकारतं. फोनमधल्या त्या दोन वेटोळ्यांना कोणत्याही हवामानात, वर्षानुवर्षं, त्या अरुंद पट्ट्यात राहायचं असतं. आणखी एक बारकावा. वरच्या गटाचे सूर फोनमधून मुळातच थोडे जोरात सोडले जातात, कारण लांब तारेत उंच सूर जास्त झिजतात.

आता झाकण उघडू या.

बटणांखाली सात दांड्या आहेत. चार आडव्या, तीन उभ्या. प्रत्येक बटण खाली गेलं की ते आपल्या ओळीच्या दांडीला आणि आपल्या रांगेच्या दांडीला किंचित फिरवतं. तीन, सहा, नऊ यांची उभी दांडी एकच. चार, पाच, सहा यांची आडवी एकच. सहा दाबला की दोन्ही फिरतात. दांडीच्या टोकाशी पातळ पत्त्यांचा एक कॉन्टॅक्ट, दांडी फिरली की तो मिटतो. म्हणजे दहा बटणांना दहा स्विच नाहीत, सात आहेत. कोणतं बटण दाबलं हे यंत्राला ‘कळत’ नाही. त्याला फक्त एवढंच लागतं की एक आडवी फिरली आणि एक उभी फिरली. जे काम आजची चिप ओळी-रांगा तपासून करते, ते इथे पत्र्याच्या दांड्यांनी, बटण दाबण्याच्या क्रियेतच, फुकटात होतं.

दांडीने मिटवलेला कॉन्टॅक्ट जोडतो कशाला? फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेल्या वेटोळ्याला. अशी दोन वेटोळी आहेत, एक खालच्या गटाचं, एक वरच्या. प्रत्येक वेटोळ्यातून मधेमधे टोकं बाहेर काढली आहेत आणि प्रत्येक वेटोळ्याशी एक कॅपॅसिटर आहे. वेटोळं आणि कॅपॅसिटर मिळून एका ठरावीक गतीने कंप पावतात. किती वेढे कामाला लावले त्यावर ती गती ठरते. इथे गणित फार गोड आहे. वेटोळ्याचं प्रेरकत्व वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि कंपनसंख्या प्रेरकत्वाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांना खाऊन टाकतात. राहतं ते एवढंच, की वेढे जितक्या पटीने वाढवाल तितक्याच पटीने सूर उतरेल. ६९७ ला ९४१ पेक्षा साधारण पस्तीस टक्के वेढे जास्त लागतात. एकवीसास एकोणीस हे कागदावरचं गुणोत्तर तारेच्या वेढ्यांत सरळ उतरतं.

या दोन्ही वेटोळ्यांना ऊर्जा पुरवणारा तो एकुलता एक ट्रान्झिस्टर. इथे इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास केलेला वाचक भुवया उंचावेल, आणि त्याने उंचावाव्यात. एकाच ट्रान्झिस्टरला एकाच वेळी दोन वेगळ्या सुरांत कंप पावायला लावणं हे पुस्तकी शहाणपणाच्या विरुद्ध आहे. साधारणतः जो सूर जरा प्रबळ असेल तो सगळी ताकद ओढून घेतो आणि दुसरा मरतो. यावरचा उपाय असा, की प्रत्येक वेटोळ्याला आपापला व्हॅरिस्टर दिलेला आहे. एका मर्यादेपलीकडे कंपन वाढू लागलं की तो त्याला दाबतो. दोघांनाही स्वतंत्र लगाम असल्यामुळे ट्रान्झिस्टर स्वतः संपृक्त होण्याची वेळ येत नाही आणि दोन्ही सूर एकत्र नांदतात. १९५८ साली मीचम, पॉवर आणि वेस्ट या तिघांनी बेलच्याच जर्नलमध्ये बटणांच्या फोनचा विचार मांडला. त्यातले मीचम म्हणजे अत्यंत स्थिर ऑसिलेटरसाठी, म्हणजे कंपन निर्माण करणाऱ्या सर्किटसाठी, १९३८ पासून ओळखले जाणारे मीचम. ज्या माणसाला कंपनाची मर्यादा कुठे आणि कशी घालायची हे वीस वर्षं ठाऊक होतं, त्याचा हात या कामात असावा यात नवल नाही.

पण सूर सुरू कसा होतो? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि मला विचाराल तर या कीपॅडचं सारं वेगळेपण त्याच्या उत्तरात आहे. ऑसिलेटरला वीज दिली की तो शून्यातून हळूहळू वाढत पूर्ण ताकदीला येतो. घाईत बटण टिपणाऱ्या माणसाचं बोट एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकंही टिकेलच असं नाही. तेवढ्यात सूर अर्धाच चढला तर अंक हुकला. म्हणून सात दांड्यांशिवाय आणखी एक गोष्ट आहे, सगळ्या बटणांचा मिळून एकच, सामायिक स्विच. कोणतंही बटण दाबा, तो हलतोच. पण तो हलतो शेवटी. आधी ओळीचा आणि रांगेचा कॉन्टॅक्ट मिटतो, वेढे ठरतात, आणि बटण आणखी खाली गेल्यावर मग सामायिक स्विच पलटतो.

फोन उचललेला असतो तेव्हा लाइनचा सरळ प्रवाह त्या दोन्ही वेटोळ्यांतून वाहत असतो. बटण दाबलेलं नसतानाही. सामायिक स्विच पलटला की तो प्रवाह एकदम तुटतो आणि वेटोळ्यांत साठलेली ऊर्जा धक्क्याने मोकळी होते. झोका मागे ओढून धरावा आणि नेमक्या क्षणी सोडावा तसं. सोडलेला झोका पहिल्याच फेरीत पूर्ण उंचीचा असतो, त्याला वाढत वाढत जावं लागत नाही. त्याच क्षणी ट्रान्झिस्टरला वीज मिळते आणि तो फक्त हे चाललेलं कंपन चालू ठेवतो. सूर जन्मतः पूर्ण ताकदीचा असतो.

त्याच स्विचने बाकीची घरकामंही होतात. माइक तुटतो, म्हणजे खोलीतला गोंगाट सुरांत मिसळत नाही. कानातला आवाज एका रोधामागे जातो, म्हणजे दाबणाऱ्याला आपला सूर हलकाच ऐकू येतो, कान फोडत नाही. बोट उचललं की हाच क्रम उलटा. हे सगळं नुसत्या पत्त्यांच्या कमी-जास्त वाकांनी साधलेलं. बनवताना एखादी पत्ती जराशी जास्त वाकली तर सामायिक स्विच आधी पलटणार आणि सूर ठरण्याआधीच धक्का बसून जाणार. कारखान्यात रोज हजारोंनी हे अचूक वाकवणाऱ्या हातांविषयी आणि साच्यांविषयी फार कमी लिहिलं गेलं आहे.

या रचनेचे काही मजेदार परिणाम आहेत. एकाच ओळीतली दोन बटणं एकत्र दाबली तर दोन उभ्या दांड्या फिरतात, वरच्या गटाच्या वेटोळ्यावरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात, मधले वेढे शॉर्ट होतात आणि ते वेटोळं गप्प बसतं. उरतो फक्त ओळीचा सूर, एकटा, शुद्ध. एकाच रांगेतली दोन दाबली तर रांगेचा एकटा सूर. तिरकी दोन दाबली तर दोन्ही वेटोळी गप्प. एक्स्चेंज एकट्या सुराला अंक मानत नाही, त्यामुळे दोन बोटं चुकून एकत्र पडली तरी चुकीचा नंबर लागत नाही. चुकीपासूनचं हे संरक्षण वेगळं काही न जोडता आपोआप मिळालेलं आहे. दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ याचाच उपयोग एकेक सूर वेगळा तपासायला करत.

दुसरा परिणाम दुरुस्तीवाल्यांना जास्त परिचित होता. चकतीच्या फोनला लाइनच्या दोन तारा कोणत्याही बाजूने जोडल्या तरी फरक पडत नसे. ट्रान्झिस्टरला मात्र धन-ऋण कळतं. जुन्या टच-टोन फोनच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर घंटा वाजे, बोलणं होई, ऐकू येई, आणि बटणं मात्र मुकी. ग्राहक म्हणे कीपॅड बिघडला. लाइनमन येऊन दोन तारांची अदलाबदल करून जाई. पुढे चार डायोडचा पूल घालून हा प्रश्न सोडवला गेला आणि त्याबरोबर एक सोपी कमाईही गेली असणार.

बटणांची मांडणी, म्हणजे १-२-३ वर आणि ७-८-९ खाली, हा या विषयातला सर्वांत जास्त वेळा सांगितला गेलेला भाग आहे, म्हणून मी तो थोडक्यात उरकतो. लुट्झ आणि चॅपॅनिस यांनी १९५५ साली लोकांना अंक कुठे असावेत असं वाटतं हे विचारलं होतं. बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन कार्लिन यांच्या विभागात रिचर्ड डायनिंगर यांनी निरनिराळ्या मांडण्या माणसांकडून वापरून घेतल्या आणि १९६० साली निष्कर्ष छापले. वर्तुळात, दोन ओळींत, हिशेबाच्या यंत्रासारखी, अशा बऱ्याच मांडण्या होत्या. वेगात त्यांच्यातला फरक फार मोठा नव्हता. तीन-तीनची चौकट निवडली जाण्यामागे माणसाची सोय हे कारण सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण आतल्या दांड्या एकदा पाहिल्यावर मला असं वाटल्यावाचून राहत नाही की वर्तुळातली मांडणी जिंकली असती तर यंत्र बनवणाऱ्यांनी डोक्याला हात लावला असता. चौकट माणसाला सोयीची आणि पत्र्याला त्याहून सोयीची.

गंमत म्हणजे सुरांच्या आराखड्यात तीन नव्हे, चार रांगा होत्या. चौथीचा सूर १६३३ हर्ट्झ. चार ओळी आणि चार रांगा मिळून सोळा चिन्हं. १९६८ साली शून्याच्या दोन बाजूंना स्टार आणि हॅश ही बटणं आली आणि दहाची बारा झाली. चौथी रांग घरात कधीच आली नाही. ती गेली अमेरिकी लष्कराच्या ऑटोव्हॉन जाळ्यात. तिथल्या फोनवर उजवीकडे चार लाल बटणं असत, संदेशाच्या निकडीनुसार. सर्वांत वरचं बटण बाकी सगळ्यांचे चालू कॉल तोडून वाट काढू शके. घरगुती फोनमध्येही वरच्या गटाच्या वेटोळ्यावर चौथं टोक काढता येण्याजोगी रचना असल्यामुळे हौशी मंडळी एक जादा स्विच बसवून १६३३ वाजवत, आणि टेलिफोन कंपन्यांना ते बिलकुल आवडत नसे. या हौशींविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते मनोरंजक आहे हे मान्य, पण पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं नाही.

१९७० च्या दशकात चिप आली आणि दांड्या गेल्या. तिचीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सूर काढणाऱ्या या चिपना एक क्वार्ट्झ स्फटिक लागे. त्यासाठी निवडला गेला ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा. टेलिफोनशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेतल्या प्रत्येक रंगीत टीव्हीत रंग ओळखण्यासाठी तो लागत असे, म्हणून तो कोट्यवधींनी बनत होता आणि मातीमोल होता. त्या आकड्याला पूर्णांकांनी भागत भागत आठ सूर काढले गेले. ते बरोबर येत नाहीत, जवळ येतात. ६९७ ऐवजी ६९९.१, ७७० ऐवजी ७६६.२. दीड टक्क्याच्या सवलतीत बसतात, म्हणून चालतं. म्हणजे काटकसर तीच, फक्त आधी ती ट्रान्झिस्टरच्या किमतीवर होती, आता स्फटिकाच्या. तरी माझं मन चिपपेक्षा दांड्यांकडे ओढतं हे लपवण्यात अर्थ नाही. चिपमधली काटकसर भागाकारात आहे, ती डोळ्यांना दिसत नाही.

आपल्याकडे बटणांचा फोन घरोघरी यायला १९८० चं दशक उजाडलं, आणि आला तो चिप घेऊनच. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या दांड्या मराठी घरांत आल्या नाहीत. पण इथे एक उलटाच प्रकार घडला. बटणं आली, सूर मात्र लगेच आले नाहीत. अनेक गावांची, शहरांच्या कित्येक भागांची एक्स्चेंजं जुन्याच कुळीची होती आणि त्यांना सूर समजत नव्हते. मग फोनच्या कडेला एक बारीक सरकता स्विच असे, त्यावर पल्स आणि टोन. पल्सवर ठेवला की बटण दाबल्यावर रिसीव्हरमध्ये टक्-टक्-टक् ऐकू येई. आतली चिप चकतीचं सोंग घेऊन लाइन तोडत बसे. शून्य दाबून दहा टकटकी संपेपर्यंत माणूस पुढचे तीन अंक दाबून मोकळा झालेला असे, आणि चिप ते लक्षात ठेवून आपल्या सावकाश चालीने पाठवत राही. एक्स्चेंजं घडवणाऱ्या सी-डॉट या सरकारी संस्थेची स्थापना १९८४ ची, मुंबई-दिल्लीचे फोन पाहणाऱ्या एमटीएनएलची १९८६ ची. त्यानंतरच्या वर्षांत डिजिटल एक्स्चेंजं पसरत गेली तसे हे स्विच एकेक करून टोनकडे सरकले. ज्यांना त्या काळात बँकेचा किंवा रेल्वेच्या चौकशीचा पहिला यांत्रिक आवाज ऐकताना ‘टोनवर करा’ असं घरातल्या कोणीतरी ओरडून सांगितलेलं आठवतं, त्यांना या पुस्तकातलं अर्धं तंत्रज्ञान आधीच ठाऊक आहे.

आणि ते आठ सूर अजून चालू आहेत. ‘मराठीसाठी अमुक दाबा’ असं ऐकून तुम्ही मोबाइलच्या काचेवर बोट टेकवता तेव्हा पलीकडच्या यंत्राला आजही १९६० साली ठरलेल्या त्याच जोड्यांची भाषा ओळखू येते. काचेखाली ना दांडी आहे ना वेटोळं.

पुस्तकाची मांडणी कालक्रमाने केलेली नाही. पहिलं प्रकरण थेट सामायिक स्विचचं आहे, कारण तो समजला की बाकीचे भाग कोणत्याही क्रमाने वाचता येतात. सुरांचं गणित दुसऱ्या प्रकरणात आहे. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी ते ओलांडून तिसऱ्याकडे वळलं तरी धागा तुटणार नाही. एक्स्चेंजमधल्या ऐकणाऱ्या यंत्राला शेवटून दुसरं प्रकरण दिलं आहे. फोनच्या बाजूचा सगळा खटाटोप कोणासाठी होता हे तोवर वाचकाला विचारावंसं वाटू लागलेलं असेल, असा माझा अंदाज.

आकृत्यांविषयी एक खुलासा. तांत्रिक पुस्तकांत स्विच नेहमी न दाबलेल्या अवस्थेत काढतात, तसा संकेतच आहे. इथे तो पाळलेला नाही. प्रत्येक बटण तीनदा काढलं आहे: मोकळं, अर्धं दाबलेलं आणि पूर्ण दाबलेलं. मधल्या आकृतीत ओळीचा आणि रांगेचा कॉन्टॅक्ट मिटलेला दिसेल, सामायिक स्विच अजून जागचा हललेला नसेल, आणि दोन्ही वेटोळ्यांतून प्रवाह वाहत असेल. वाचताना सर्वांत जास्त वेळ त्या मधल्या आकृतीवर द्यावा.